आफ्रिकेच्या बोटीसाठी कामरगावापर्यंत

मी आफ्रिका पाहिलेली नाही, हे आधीच कबूल करून टाकतो. माझा समुद्रप्रवास म्हणजे मुंबई ते रत्नागिरी, आगबोटीच्या डेकवर, आणि तोही बराचसा कठड्यावर ओणवा होऊन केलेला. तरीसुद्धा गेल्या माघात वऱ्हाडात जाऊन मी मोंबासा बंदराचे असे वर्णन केले की एका म्हाताऱ्याने तिकडे माझी जमीन किती एकर आहे म्हणून चौकशी केली. मी थोडीच आहे म्हणालो. अगदीच नाही म्हणणे मला बरे दिसेना.

हा उद्योग मला का करावा लागला ते सांगतो. आमची कंपनी कापसाची. युगांडात जिंजा नावाच्या गावी तिने जिनिंगचा कारखाना घातला आणि तो चालवायला कारंज्याच्या बाजूची तरबेज माणसे नेली. दोन वर्षे सगळे सुरळीत चालले. मग कोणी जेवेना, कोणी ताप नसता निजून राही, एकाचा हात पट्ट्यात जाता जाता वाचला. तिथल्या साहेबाने कळवले की यंत्रे ठणठणीत आहेत, माणसे गंजली आहेत. उपायही त्यानेच सुचवला. यांची बायकामुले पाठवा, आम्ही घरे बांधून ठेवतो. करार आणखी चार वर्षांचा झाला होता. कुटुंबांना नेण्याची सोय या एका बोटीपुरतीच होती. ती चुकली की नवराबायकोची गाठ चार वर्षांनी.

मग मुंबईच्या कचेरीत प्रश्न पडला की या बायकांना भेटायला, समजवायला आणि बंदरावर आणून सोडायला जाणार कोण. इथल्या साहेबाने सगळ्या टेबलांवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबवली. गणेशोत्सवाच्या नाटकांत मी पंचवीस वर्षे कामे केली आहेत, मिशा फुटण्याआधी शकुंतलेपासून पोट सुटल्यावर घटोत्कचापर्यंत. साहेबाला माझ्याविषयी तेवढीच माहिती होती, आणि ती त्याने पुरेशी मानली.

जऊळका

अकोल्याहून छोट्या रुळांची गाडी धरून सकाळी जऊळक्याला उतरलो. हवेत चांगली थंडी होती. दोन्ही बाजूंना पिवळी पडलेली तूर, मध्ये ज्वारी, आणि कापसाच्या शेतांत ओळीने वाकलेल्या बाया. आमच्या कोकणात डोळ्यांपुढे कुठेतरी डोंगर उभा असतोच. इथे नजर जी निघते ती थांबायलाच काही सापडत नाही. पहिल्या दिवशी मला ते जरा उघड्यावर बसल्यासारखे वाटले.

इथे गोदावरीबाई राहत. त्यांचे यजमान कंपनीत तोलाईचे कारकून. गोदावरीबाईंना समजवायची गरजच पडली नाही. त्या जायला इतक्या तयार होत्या की सामान ओसरीवर रचून ठेवलेले होते: पाटा, वरवंटा, वर्षभराच्या पापडांचा डबा, आणि सर्वांच्या खाली जाते. जाते बोटीवर घेत नाहीत, असे मी अंदाजानेच सांगितले. बाईंनी मला विचारले की मग आफ्रिकेत पीठ काय झाडाले लागते? वाटाघाटी पुष्कळ झाल्या. शेवटी वरची तळी त्यांनी न्यायची आणि खालची त्यांच्या यजमानांनी तिकडे शोधून ठेवायची, असा तह झाला. मी तो कंपनीच्या कागदावर लिहून घेतला.

दुपारी त्यांच्या दिरांनी शेतात हुरड्याला नेले. गोवऱ्यांच्या आगीत ज्वारीची कोवळी कणसे खुपसतात, चटका बसत असतानाच तळहातांवर रगडतात, फुंकर मारून भुसा उडवतात, आणि खाली राहिलेले हिरवे दाणे जवसाच्या चटणीबरोबर खातात. दिरांना हे करताना पाहून मला ते अगदी सोपे वाटले. पहिलेच कणीस मी मोठ्या ऐटीत उचलले आणि लगेच शेजाऱ्याच्या मांडीवर टाकले. पुढे दोन दिवस माझ्या तळहातांना सही करवेना. मात्र नंतर दुसऱ्यांनी चोळून दिलेला हुरडा मी इतका खाल्ला की गोदावरीबाईंनी संध्याकाळी माझे पान वाढलेच नाही. त्यांनी विचारायलाही हवे होते असे मला वाटत नाही.

मंगरूळपीर

जऊळक्याहून मंगरूळपिरास दमणीत बसून गेलो. दमणी म्हणजे दोन बैलांची, वर झाकण असलेली हलकी गाडी. हाकणारे कासमभाई. त्यांनी वाटेत आगबोटीची सगळी हकीगत विचारून घेतली. ती कोळशावर चालते हे त्यांना पटले, पण वळवतात कशी हे काही पटेना.

"बाबूजी, कासरा नाही, शेपूट नाही, तं थे ऐकते कोनाचं?" ते म्हणाले.

सुकाणूची माहिती मला माझ्या तोंडातून निघाली तेवढीच होती. कासमभाईंनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि गावात शिरताच दमणी सरळ दर्ग्यापुढे उभी केली. असल्या वाहनाने जाणाऱ्या बायकांसाठी आधी इथे सांगितलेले बरे, असे त्यांचे मत पडले. त्यांनी साखर चढवली, मी फुले चढवली. मग तहसील कचेरीत जाऊन मी कागदांवर शिक्के घेतले. दोन्ही कामे झाल्यावर कासमभाई म्हणाले की आता हरकत नाही. कोणत्या कामामुळे हरकत राहिली नाही, ते मी विचारले नाही.

कामरगाव

कारंज्यावरून जाणाऱ्या सर्व्हिस मोटारीने कामरगावास पोचलो तेव्हा दुपार कलली होती. इथे संपत फिटरचे घर. घरात दोघीच, त्याची आई भागाबाई आणि बायको सुभद्रा. भागाबाई साठीच्या पुढच्या, काटक, बोलायला सडेतोड. थोडी शेती होती, ती सासूसुना मिळून करत. सुभद्रेला आईबाप नव्हते. चुलत्याने लग्न लावून दिले, त्यानंतर त्यानेही कधी विचारपूस केली नव्हती. लग्नानंतर दीड वर्षात संपत जिंजाला गेला होता.

मी माझे भाषण सुरू केले. बोट, बंदर, पक्की घरे, निळा समुद्र. भागाबाईंनी ते शेवटपर्यंत ऐकले. सुभद्रा दाराआड उभी होती, तिच्या पदराची फक्त कड दिसत होती.

"समदं खरं असन," भागाबाई म्हणाल्या. "पन पोरानं तिले बोलावलं कुठं?"

त्यांनी कोनाड्यातून पत्रांची चवड आणली. दोन वर्षांची पत्रे मी तिथेच बसून वाचली. सगळी आईच्या नावे. बैलाची चौकशी होती, पाऊसपाण्याची होती, शेजारच्या घराचे छप्पर झाले का ही होती. बायकोचे नाव नव्हते, तिच्याविषयी ओळ नव्हती. शेवटी ठरलेले वाक्य: घरच्या सर्वांस यथायोग्य.

वाचकांपैकी तरुणांना हे नवल वाटेल. आम्हाला वाटत नाही. पत्र गावात चार माणसांत वाचले जाते, आणि आईच्या पत्रात बायकोची आठवण काढणे म्हणजे ओट्यावर बसून तिचा हात धरण्यासारखे. मी स्वतः मुंबईत बिऱ्हाड करण्यापूर्वी सहा वर्षे वडिलांनाच पत्रे घातली. माझ्या पत्नीने ती सारी जपून ठेवली आहेत. त्यांत तिच्यासाठी काय आहे, हे तिने मला कधी विचारले नाही, आणि त्या दुपारी मला पहिल्यांदाच ते बरे वाटले नाही.

भागाबाईंची अडचण चुकीची नव्हती. बोलावणे नसता सून पाठवली तर लोक म्हणणार, बुढीनं पोरगी घराबाहेर काढली. संपतने कंपनीकडे तिच्यासाठी अर्ज केला आहे, असे मी सांगितले. त्याने उलटेच झाले.

"कंपनीले लिवता येते अन् मायले नाही?" त्यांनी विचारले.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या मोटारीने मला निघायचे होते. बोट पुढल्या आठवड्यात होती. मी अर्ज दाखवावा म्हणून कागद चाळू लागलो, तो त्यात एक जोडपत्र हाती आले. घरात काय काय लागेल, असे कंपनीने प्रत्येकाला विचारले होते. इतरांनी एक खाट, एक मेज असे लिहून दिले होते. ते कागद घर बांधणाऱ्यांचे, म्हणून तोवर मी एकही वाचला नव्हता. संपतचे उत्तर रकान्यात मावले नव्हते. त्याने मागे वेगळा कागद टाचला होता, पेन्सिलीने भरलेला. मी तो मोठ्याने वाचला. नाटकी आवाज काढावासा वाटला नाही.

"चूल खाली जमिनीवर पाहिजे. इथली उभ्याने रांधायची आहे, ती तिला जमणार नाही. भांड्यांची फळी साहेबाच्या मापाने लावली आहे, तिचा हात पोचणार नाही, एक हात खाली घ्यावी. दाराला आतून कडी नव्हती, ती मी बसवली. मागल्या बाजूला आंबाडी पेरली आहे. विहीर लांब आहे, पण पाणी मी आणीन."

भागाबाईंनी कागद माझ्या हातातून घेतला. त्यांना वाचता येत नव्हते. त्यांनी तो दोन्ही बाजूंनी पाहिला.

"पानी आनीन म्हने," त्या म्हणाल्या. "इथं होता तं ढोराले पानी नाही पाजलं कधी."

पण त्या हसत होत्या, आणि पदराने नाक पुसत होत्या. तेवढ्यात दाराआडून आवाज आला. मी तो पहिल्यांदाच ऐकत होतो.

"फळी खाली नोको घेऊ म्हना. उंदरं चढतीन. मी पाटावर उभी राह्यतो."

सासूने मान वळवून दाराकडे पाहिले. मीही पाहिले. पदराची कड लगेच आत गेली, पण बोलणे बाहेर आले ते आलेच होते. मुलगी मनाने जिंजाच्या त्या घरात जाऊन फळीचा विचार करत होती.

मला वाटले काम झाले. मी टोपी घालायला घेतली. भागाबाई म्हणाल्या, बसा, आता सांगा तिले नेनार कोन?

मी म्हणालो, मीच.

"तुमी आमचे कोन?"

कंपनीच्या कोणत्याही कागदात याचे उत्तर नव्हते. भाडे होते, डॉक्टर होता, घर होते, कडीसुद्धा होती. सुनेला न्यायला नात्याचे माणूस लागते, हे मुंबईत कोणाच्या डोक्यात आले नाही, आणि लाज अशी की माझ्याही आले नाही. संपतला भाऊ नव्हता. भागाबाईंनी बराच विचार केला आणि माझे पोट, टक्कल आणि वय ध्यानात घेऊन निकाल दिला की आजपासून मी संपतचा चुलता. म्हणजे सुभद्रेचा चुलत सासरा. मी मोठ्या आनंदाने ते पद घेतले. आयुष्यात इतक्या भूमिका केल्या, ही कोणी दिली नव्हती.

मग उत्साहात मी तालीम काढली. अंगणात बैलगाडी होती, ती बोट केली. ओट्यावरून गाडीवर शिडी आडवी टाकली. बंदरावर डॉक्टर डोळे पाहतो, जीभ पाहतो, नाव, गाव, कुठे चाललात, देवी टोचल्या का हे विचारतो, आणि उत्तर नीट आले नाही तर मागे पाठवतो. हे मात्र मला खरोखरच माहीत होते. मी उपरणे गळ्यात अडकवून डॉक्टर झालो. शेजारच्या बायका कुंपणाशी जमल्या. सुभद्रा शिडी चढून नीट वर आली.

मी विचारले, "नाव काय?"

तिने पदर कपाळाखाली ओढला आणि मान वळवली. मी पुन्हा विचारले. पदर हनुवटीपर्यंत आला. मी आवाज चढवला तशी ती गाडीत बसलीच. मघाशी दाराआडून का होईना पण फळीविषयी ठणकावणारी मुलगी आता मुकी झाली होती. कुंपणापलीकडून एक बाई म्हणाली की सासऱ्याले पोरगी जीभ दाखवीन काय, काही तरी बोला. बाकीच्या इतक्या हसल्या की गाडीला बांधलेला बैल उठून उभा राहिला, गाडी हलली आणि डॉक्टर बोटीतून खाली कोसळले. लागले नाही. गवताचा भारा होता.

पण गंमत तिथेच संपली. न्यायला सासरा हवा, आणि सासऱ्यापुढे तोंड उघडायचे नाही. तोंड उघडले नाही तर बोटीवर घेत नाहीत. मी बंदरावरच्या डॉक्टरसमोर तिच्या शेजारी उभा राहणार होतो. लांब उभा राहीन म्हणालो, तर भागाबाई म्हणाल्या की मंग नेलं कोनं?

जेवायला भाकर, तुरीच्या दाण्यांची आमटी आणि वांग्याचे भरीत होते. भरीत आमच्या घरीही होते, पण त्यात आम्ही दही घालून त्याला गप्प बसवतो. इथे हिरवी मिरची आणि कांद्याची पात घालून त्याला बोलते ठेवतात. एरवी मी यावर सविस्तर बोललो असतो. त्या वेळी मी नुसती भाकर मोडत राहिलो. सुभद्रा पदराआडूनच वाढत होती.

दुसरा दिवस

सकाळी उठून पाहतो तो भागाबाई अंघोळ करून, धुतले लुगडे नेसून ओट्यावर बसलेल्या. मोटारीला तीन तास होते. मी सामान बांधत होतो ते एकट्याचेच बांधत होतो.

"दादा," त्या म्हणाल्या. काल मी बाबूजी होतो. "लगनात नवरीले बोहल्यावर कोन नेते?"

"मामा," मी म्हणालो. आमच्याकडेही मामाच नेतो.

"अन् मामासंग पोरगी बोलते का नाही?"

बोलते, भांडते, खाऊ मागते, असे मी सांगितले.

"तं तुमी माहे भाऊ." एवढे बोलून त्या थांबल्या. पुढचे त्यांनी रात्रभर तयार केले असावे, कारण त्या अडखळत नव्हत्या, फक्त सावकाश बोलत होत्या. "पन म्या सासू राह्यली तं माहा भाऊ तिचा मामेसासरा होते, अन् पोरगी पुन्हा मुकी. म्हनून म्या सासू नाही राह्यत. मी तिची माय होतो. हे घर तिचं माहेर. मंग मामानं न्याले हरकत नाही."

वऱ्हाडात काय किंवा कोकणात काय, बाईला सासूपण एकदाच मिळते आणि ते मिळेपर्यंत तिचे अर्धे आयुष्य जाते. भागाबाईंनी ते अंगणात उतरवून ठेवले, डोक्यावरचा भारा ठेवावा तसे.

त्यांनी सुभद्रेला हाक मारली. पाटावर बसवून तिला कुंकू लावायला शेजारची सवाष्ण बोलावली, आणि तिच्या हातून ओटी भरवली: तांदूळ, खोबऱ्याची वाटी, हळकुंड, खण. लेक माहेराहून निघताना भरतात तशी. सुनेची अशी ओटी भरून तिला घराबाहेर पाठवलेले त्या गावाने पाहिले नव्हते. म्हणून कुंपणाशी आज कोणी हसत नव्हते. सुभद्रा पाया पडायला वाकली ती बराच वेळ उठली नाही.

मग भागाबाईंनी मला खूण केली. मी पुन्हा उपरणे गळ्यात घातले. आज गाडीवर चढलो नाही, ओट्यावर उभा राहूनच विचारले, नाव काय?

तिने पदर खांद्यावर सारला. चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. नाक तरतरीत होते, डोळे रडून लाल होते.

"सुभद्रा," ती म्हणाली. "गाव कामरगाव. जिंजाले चालली. देवी टोचल्या." आणि मी न विचारताच तिने चांगली हातभर जीभ काढून दाखवली.

कागदावर तिचा अंगठा घेतला. सामान एक ट्रंक आणि एक गाठोडे. गोदावरीबाई अकोल्याच्या स्टेशनवर भेटणार होत्या, पुढे बोटीवर दोघींची सोबत होती. म्हातारी मागे एकटी राहणार होती. हे आम्हा तिघांनाही ठाऊक होते. कापूस वेचायला बाया सांगितल्या आहेत, असे भागाबाईंनी दोनदा सांगितले.

मोटार आली. सुभद्रा आत बसली. भागाबाई खिडकीशी आल्या, पण तिच्याशी बोलल्या नाहीत, माझ्याशी बोलल्या.

"दादा, संपतले कागद घालान तं माह्याकून लिवजा. म्हना, आता तू या घरचा जावई हायेस. चार वर्सांनी पोरगी माहेरपनाले आली पाह्यजे." मोटार हलली तशा त्या चार पावले बरोबर चालल्या. "अन् तुलेबी यायचं असन तं ये म्हना. जावयाले कोन नाही म्हनते."